टोमॅटोवर व्हायरस आलाय, पण कोणता?

प्रश्न दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. दीड एकर टोमॅटो, लागवडीला साठ दिवस झालेले, शेजारी अर्धा एकर मिरची. टोमॅटोच्या काही झाडांचे शेंडे तांबूस होऊन करपले आणि हिरव्या फळांवर गोल वलयं उमटली. दुसऱ्या कोपऱ्यात काही झाडं बोकडली, म्हणजे पानं वळून खुरटली. औषधाच्या दुकानात ‘टॉस्पो’ म्हणून सांगितलं, कंपनीचा माणूस ‘सीएमव्ही’ म्हणाला, तिसऱ्याने ‘हा नवाच व्हायरस दिसतोय’ म्हणत हात झटकले. बोकडलेल्या झाडाचं पान एका प्रयोगशाळेत दिलं, तर अहवाल आला: ‘बेगोमोव्हायरस, टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरसशी ९३ टक्के साम्य’. आता त्यांना विचारायचंय की कोणाचं खरं मानायचं, ही नावं ठरतात कशी, आणि दिल्लीचा व्हायरस दिंडोरीत आला कुठून.

दुकानदार आणि प्रयोगशाळा, दोघांचंही बरोबर असू शकतं. एकाच प्लॉटमध्ये, कधी कधी एकाच झाडात, दोन-तीन विषाणू सुखाने नांदतात. करपलेले शेंडे आणि वलयांची फळं ही तुमची एक तक्रार, बोकडलेली झाडं ही दुसरी. तपासायला पान दिलंत ते दुसऱ्या तक्रारीचं. म्हणजे अहवाल खोटा नाही, पण तुमच्या अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. वलयवाल्या झाडाची तपासणी अजून झालेलीच नाही.

आपल्या गिरणारे-पिंपळगाव पट्ट्यात ‘व्हायरस’ हा शब्द ‘ताप’ या शब्दासारखा वापरतात. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा हे बघितल्याशिवाय डॉक्टर गोळी लिहीत नाही. इथे मात्र ‘व्हायरस आलाय’ एवढं म्हटलं की चार बाटल्यांचं बिल तयार होतं. झाडात शिरलेला विषाणू मारून झाड बरं करेल असं फवारणीचं औषध नाही. आपल्या हातात असतं ते त्याची पुढच्या झाडाकडे जाणारी वाट अडवणं. ही वाट पांढऱ्या माशीची आहे, फुलकिड्यांची आहे, माव्याची आहे की मजुरांच्या हातांची, हे विषाणूच्या घराण्यावरून ठरतं. शास्त्रीय भाषेत घराणं म्हणजे प्रजाती (इंग्रजीत जीनस) आणि तिच्या पोटात जाती (स्पीशीज). पंचवीस वर्षं भाजीपाल्याच्या शेतात फिरून माझं मत असं झालंय की जातीचं नेमकं नाव महिन्याने कळलं तरी बिघडत नाही, घराणं मात्र पहिल्या आठवड्यात कळायला हवं.

पण त्याही आधी, हा व्हायरसच आहे का? इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी निफाडकडच्या एका मिरचीत शेंडे आकसलेले, पानं वळलेली, झाडं खुरटलेली. बांधावरूनच म्हणालो, चुरडा-मुरडा आहे, उपटा. त्यांनी तीन ओळी उपटल्या. दोन-चार पानं मी पिशवीत घेऊन आलो होतो, ती दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरली. पानाच्या मागे शिरेलगत अंडी होती, बारीक, काचेसारखी, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असलेली. पिवळ्या कोळ्याची अंडी अशीच असतात, एकदा पाहिली की विसरत नाहीत. कोळीनाशकाच्या दोन फवाऱ्यांत जी झाडं सावरली असती ती बांधावर वाळत पडली होती. तेव्हापासून खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग असल्याशिवाय मी मिरचीबद्दल तोंड उघडत नाही.

मिरचीत मी आधी पान कोणत्या बाजूला वळलंय ते बघतो. फुलकिड्यांनी पानाच्या कडा वर वळतात, होडीसारख्या. कोळ्याने त्या खाली वळतात, होडी पालथी घातल्यासारख्या, आणि देठ लांबतो. विषाणूने पान वर वळतं, पण सोबत शिरा जाड होतात, पान लहान आणि चामडं झाल्यासारखं लागतं, दोन पेऱ्यांमधलं अंतर कमी होऊन शेंड्याचा गुच्छ होतो. प्रत्यक्ष शेतात हे तिन्ही एकत्र असतात, म्हणून पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून काय पडतं ते बघा. पिवळसर, सुईच्या टोकाएवढे, पळणारे किडे पडले तर ते फुलकिडे. कोळी कागदावर नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसत नाही, त्याला भिंगच हवं.

दुसरा चकवा तणनाशकाचा. मक्यावर किंवा उसात टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता टोमॅटोवर वापरला, की चार-पाच दिवसांत शेंड्याची पानं दोरीसारखी अरुंद होतात. काकडी मोझॅक विषाणूने, म्हणजे कंपनीच्या माणसाने सांगितलेल्या सीएमव्हीने, पानं अगदी तशीच होतात. फोटोवरून फरक करून दाखवा म्हटलं तर मलाही जमणार नाही. शेतात उभं राहिलं की मात्र जमतं. तणनाशकाचा दणका एकाच दिवशी सगळ्या ओळींना बसतो आणि मात्रा फार नसेल तर नंतर फुटलेली पानं हळूहळू सरळ येतात. विषाणू एका दिवसात सगळा प्लॉट कधीच धरत नाही. आज पाच झाडं, आठवड्याने वीस, आणि आजारी झाडाचं नवं पान जुन्यापेक्षा वाईट. शेजाऱ्याने मक्यावर मारलेलं वाऱ्याने आलं असेल तर त्या बांधाकडची झाडं जास्त आणि आतली कमी, अशी उतरण दिसते.

अन्नद्रव्यांच्या कमतरतेबद्दल एवढंच सांगतो: मॅग्नेशियम कमी पडलं की खालची पानं शिरांमध्ये पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. टोमॅटो क्लोरोसिस व्हायरसही खालच्याच पानांपासून हेच दाखवतो. मॅग्नेशियम सल्फेट देऊन प्लॉट जागचा हलला नाही आणि पिवळेपणा ठिपक्या-ठिपक्यांनी, एक झाड सोडून एक असा वर चढत असेल, तर विषाणूचा संशय घ्या.

आपल्याकडचे शब्दही फसवतात. टोमॅटो बोकडला म्हणजे पांढऱ्या माशीचा विषाणू. वांगं बोकडलं, बारीक पानांचे झुबके आले, फुलांच्या जागी पानं फुटली, तर तो विषाणूच नव्हे. तो फायटोप्लाझ्मा, भिंत नसलेला जिवाणूसारखा जीव, तुडतुड्यांमार्फत पसरणारा. हे १९६७ मध्ये जपानी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. तोपर्यंत अशा रोगांना जगभर विषाणूच्याच खात्यात टाकायचे. आपण शब्द एकच ठेवला, त्याला इलाज नाही, पण पीक कोणतं ते विचारल्याशिवाय ‘बोकड्या’ या शब्दावर औषध सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता घराणी. तुमच्या शेतात त्यातली चार येऊ शकतात.

पहिलं बेगोमोव्हायरस, तुमच्या अहवालातलं. कण दोन गोळे चिकटवल्यासारखा जुळा, आत गोलाकार एकपदरी डीएनए. वनस्पतींच्या बहुतेक विषाणूंमध्ये आरएनए असतो, त्यामुळे डीएनएवाले हे घराणं उठून दिसतं. जातींच्या संख्येने ते वनस्पती-विषाणूंमधलं सर्वांत मोठं आहे, चारशेच्या वर जाती. पसरतं फक्त पांढऱ्या माशीने. माशीला विषाणू घ्यायला दहा-पंधरा मिनिटं तरी रस शोषावा लागतो, मग काही तासांनी तो तिच्या अंगात फिरून लाळेत उतरतो, आणि त्यानंतर ती बहुतेक आयुष्यभर तो वाटत फिरते. म्हणून इथे माशीचं नियंत्रण उपयोगी पडतं, विशेषतः रोपवाटिकेत चाळीस-पन्नास मेशची जाळी आणि लागवडीनंतरचे पहिले तीस-चाळीस दिवस. भेंडीचा केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, याच घराण्यातला. त्याची पहिली नोंद आपल्याच मुलखातली, १९२४ मध्ये कुलकर्णी यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून केलेली. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा केवड्याला दाद न देणारा वाण दिला. बरीच वर्षं तो चालला, मग तोही केवड्यात सापडू लागला. हे घराणं दोन विषाणूंचे तुकडे अदलाबदल करून नवे विषाणू तयार करण्यात पटाईत आहे. बियाण्याच्या पाकिटावरचं ‘लीफ कर्ल सहनशील’ कोणत्या भागातल्या विषाणूसाठी तपासलंय, हे विचारायचं ते याचसाठी.

दुसरं ऑर्थोटॉस्पोव्हायरस. तुम्ही म्हणता तो टॉस्पो. तुमच्या करपलेल्या शेंड्यांचा माझा पहिला संशय यावरच आहे. वर्णनावरून बघा: कोवळ्या पानांवर तांब्याच्या भांड्यासारखी झाक, मग बारीक काळपट ठिपके, मग शेंडा वाळून खाली मान टाकतो, पण खालची पानं अजून हिरवी असतात. फळावर एकात एक वलयं, हिरव्या फळावर दबलेली आणि पिकताना पिवळी-लाल होऊन ठळक. आपल्याकडे टोमॅटोत हे मुख्यतः भुईमुगाच्या शेंडेमर विषाणूचं काम असतं, इंग्रजी आद्याक्षरांनी जीबीएनव्ही. नावात भुईमूग आहे म्हणून शिवारात भुईमूग शोधत बसू नका. तो पहिल्यांदा भुईमुगात ओळखला गेला एवढंच.

फुलकिड्यांचं आणि या घराण्याचं नातं विचित्र आहे. विषाणू घेऊ शकतं ते फक्त फुलकिड्याचं पिल्लू, तेही अगदी लहान वयात. प्रौढ फुलकिडा रोगट झाडावर दिवसभर बसला तरी तो नव्याने वाहक होत नाही. पिल्लाने घेतलेला विषाणू मात्र त्याच्या शरीरात वाढतो आणि प्रौढ झाल्यावर तो उडून जाईल तिथे मरेपर्यंत पसरवतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमच्या शेतात ज्या झाडावर फुलकिड्यांची पिल्लं वाढताहेत आणि जे झाड आजारी आहे, ते झाड म्हणजे कारखाना. फवारणीने उडणारे प्रौढ हाती लागत नाहीत, आणि मरण्याआधी त्यांनी काम केलेलं असतं. आजारी झाड लवकर उपटून पिशवीत घालून बाहेर नेणं जास्त कामाचं. ओढत बांधापर्यंत नेलं तर किडे वाटेतच ओळीभर सांडतात.

कांद्याचा विषय निघाला नाही तर नाशिककर म्हणवून घ्यायला लाज वाटेल. कांद्यावरचा आयरिस यलो स्पॉट व्हायरस हाही याच घराण्यातला, कांद्यावरच्याच फुलकिड्यांनी पसरणारा. भारतातली त्याची पहिली नोंद २००६ मध्ये झाली, ती महाराष्ट्रातल्या कांद्यावरून. पातीवर आणि बियाण्याच्या दांड्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे, वाळलेल्या गवताच्या रंगाचे डाग, आणि पुष्कळदा शंकरपाळ्याच्या मधोमध हिरवा ठिपका शाबूत. लोक त्याला करपा समजून बुरशीनाशक मारत राहतात. करप्याचा डाग जांभळट, आत काळपट भुकटी. शंकरपाळ्यात भुकटी नसते.

तिसरं, सीएमव्हीचं घराणं, कुकुमोव्हायरस. आणि त्याच्या शेजारी पॉटीव्हायरस, ज्यात मिरचीचा व्हेनल मॉटल आणि वेलवर्गीयांवरचा झुकिनी यलो मोझॅक येतात. दोन्ही घराणी निराळी, कणांचे आकारही निराळे, कुकुमो गोल तर पॉटी लांब लवचिक दोऱ्यासारखा, पण वाट एकच: मावा. मावा पानावर बसून काही सेकंद सोंड टोचून चव बघतो, तेवढ्यात विषाणू घेतो आणि पुढच्या पानावर तेवढ्याच वेळात देतो. कीटकनाशकाने तो मरायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणून सीएमव्ही म्हणून महागडं कीटकनाशक देणाऱ्याला विचारा, ते मावा चव घेण्याआधी मारतं का? शिवाय हे मावे बहुतेक वेळा तुमच्या पिकावर राहतच नाहीत, वाटसरूसारखे येऊन जातात, त्यामुळे झाडावर मावा दिसला नाही म्हणून सीएमव्ही नाही असंही ठरत नाही. टोमॅटोभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी आधी लावलेल्या असल्या, तर मावा तिथे आधी उतरतो, चार ठिकाणी सोंड टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. सीएमव्ही बाराशेहून जास्त जातींच्या वनस्पतींवर जगतो, त्यात बांधावरची तणंही आली.

मे २०२० मधला ‘तिरंगा’ आठवत असेल. नगर, पुणे, नाशिक पट्ट्यातल्या उन्हाळी टोमॅटोवर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आले. टाळेबंदीत आधीच भाव नव्हता, त्यात टीव्हीवरून टोमॅटो खाल्ल्याने माणसाला काही होईल अशी धास्ती पसरली. वनस्पतींचे विषाणू माणसाला रोग करत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले तेव्हा मुख्य दोषी निघाला सीएमव्ही, म्हणजे जुनाच भिडू. उन्हाळ्यात पारा बत्तिशीच्या पुढे राहिला की लाल रंगाचं लायकोपिन नीट तयार होत नाही आणि पालाश कमी पडलं तरी फळ ठिगळासारखं पिकतं, त्यामुळे तेव्हा ‘तिरंगा’ म्हणून दाखवलेलं प्रत्येक फळ विषाणूचंच होतं असं मी म्हणणार नाही.

चौथं टोबॅमोव्हायरस. ताठ काडीसारखा कण, लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी १८. याला किड्याची गरज नाही. हात, कात्री, सुतळी, बांबू, बियाणं एवढं पुरतं. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखू मोझॅकच्या विषाणूचे स्फटिक करून दाखवले, त्यासाठी १९४६ चं नोबेल मिळालं. असा चिवट जीव वाळलेल्या पानात वर्षानुवर्षं टिकतो. टोमॅटो बांधणीच्या वेळी ओळीने एकामागे एक झाडं चट्टेरी होऊ लागली तर बांधणाऱ्यांच्या हातांकडे बघा. एकाने तंबाखू मळून लगेच शेंडे खुडले की झालं. काकडीतला ग्रीन मॉटल हाही याचा भाऊबंद, बियाण्यातून येणारा, म्हणून शेडनेटमध्ये एकदा शिरला की पुढच्या पिकालाही सोडत नाही. इथे कीटकनाशकाचा एक थेंबही वाया. हात साबणाने धुणं, कात्री दहा टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये बुडवणं, आणि बियाणं विश्वासाचं घेणं, एवढंच.

घराणं शेतातच ओळखायचं असेल तर झाडाइतकंच ओळींचं चित्र बघा. मी वहीत प्लॉटचा नकाशा काढून आजारी झाडांवर फुली मारायला सांगतो, आठ-आठ दिवसांनी वेगळ्या शाईने. बेगोमो आणि टॉस्पो बहुधा बांधाकडून, जुन्या पिकाकडून सुरू होऊन विखुरतात. माव्याचे विषाणू कुठेही शिंतोड्यासारखे पडतात. टोबॅमो ओळीने सरकतो. तीन आठवड्यांचा असा कागद मला प्रयोगशाळेच्या अर्ध्या अहवालाइतका उपयोगी पडतो.

आता दिल्ली आणि ९३ टक्के. विषाणूला आपल्यासारखं आडनाव-गाव लागतं: पहिल्यांदा ज्या पिकात सापडला, त्या पिकावर जे दिसलं, आणि जिथे सापडला ते गाव. टोमॅटो, पान वळणं, नवी दिल्ली. हा विषाणू टोमॅटोपुरता नाही, कारली, दोडका, काकडी, मिरची, बटाटा सगळीकडे जातो, आणि २०१२ पासून स्पेनच्या झुकिनीतही पोहोचलाय. दिल्लीहून तो तुमच्याकडे आला असा त्याचा अर्थ नाही. विषाणूंचं वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अलीकडे प्राणी-वनस्पतींसारखी दोन शब्दांची नावं सक्तीची केली. तुमचा विषाणू आता ‘बेगोमोव्हायरस सोलॅनमडेल्हिएन्से’ या जातीत मोडतो. तंबाखू मोझॅकचा झाला ‘टोबॅमोव्हायरस टबॅकी’. पहिला शब्द म्हणजेच घराणं, त्यामुळे अहवालात नवं नाव दिसलं तर घाबरू नका, पहिला शब्द वाचा, निम्मं काम तिथेच होतं.

टक्क्यांचा हिशेब असा. बेगोमोव्हायरसच्या ‘डीएनए-ए’ या तुकड्यात सुमारे २,७०० अक्षरं असतात. ती संपूर्ण वाचून आधीच्या विषाणूंशी जुळवली आणि सर्वांत जवळच्याशी ९१ टक्क्यांहून कमी जुळली तर नवी जाती धरतात. ९१ च्या वर असेल तर तीच जाती, पण ९४ च्या खाली असेल तर तिचा वेगळा प्रकार. या हिशेबाने तुमचे ९३ म्हणजे तोच विषाणू, जरा वेगळ्या वळणाचा. ‘नवाच व्हायरस’ नाही. पण एक गोष्ट प्रयोगशाळेला विचाराच: पूर्ण डीएनए-ए वाचलात का, की पीसीआरने उचललेला पाचशे अक्षरांचा तुकडा? बहुतेक ठिकाणी तुकडाच वाचतात, खर्च वाचतो. तुकड्यावर ९१ चा नियम लागू होत नाही. तुकड्यावरून घराणं खात्रीने सांगता येतं, जातीचा अंदाज बांधता येतो, प्रकार अजिबात सांगता येत नाही. तुम्हाला उपटायची झाडं ठरवायला तुकडा पुरेसा आहे.

बाजारात आता झटपट पट्ट्या मिळतात, गर्भचाचणीसारख्या: पान पिशवीत रगडायचं, पट्टी बुडवायची, दहा मिनिटांत दोन रेघा. चांगल्या आहेत, मीही वापरतो, पण एक खाचखळगा सांगतो. टॉस्पोसाठी म्हणून मिळणारी पट्टी पुष्कळदा टोमॅटो स्पॉटेड विल्ट व्हायरसची असते, परदेशात तोच महत्त्वाचा म्हणून. आपला जीबीएनव्ही त्याच घराण्यातला असला तरी त्याच्या आरएनएला गुंडाळणारं प्रथिन वेगळ्या गटातलं, आणि पट्टीतली प्रतिद्रव्यं ते ओळखत नाहीत. झाड टॉस्पोने मरतंय आणि पट्टी म्हणते ‘काही नाही’, हे मी शेडनेटच्या ढोबळी मिरचीत पाहिलंय. पट्टी कोरी आली म्हणून निर्धास्त होऊन तो प्लॉट तसाच ठेवला आणि महिन्याने निम्मा गेला. पाकिटावर नेमकं नाव वाचा. बियाण्यातल्या ‘टॉस्पो प्रतिकारक’ या दाव्यालाही हेच लागू: परदेशी विल्टविरुद्धचं जनुक आपल्या शेंडेमरीला अडवेलच असं धरून चालू नका. हे एक कारण नसतं तर मी वर्गीकरणाच्या नादाला लागलो असतो की नाही, शंकाच आहे.

एलायझा, म्हणजे प्रतिद्रव्यांनी विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी, १९७७ पासून वनस्पतींसाठी वापरात आली, अजूनही शंभर नमुने एकदम तपासायला तिच्यासारखी स्वस्त नाही. टॉस्पो, कुकुमो, पॉटी, टोबॅमो यांच्यात आरएनए, म्हणून त्यांच्या पीसीआरआधी आरएनएचा डीएनए करून घ्यावा लागतो. बेगोमोला ती पायरी नको. ‘व्हायरस पीसीआर’ एवढंच लिहून नमुना दिलात तर तुमच्या टॉस्पोची तपासणी होणारच नाही. वलयवाल्या झाडांच्या नमुन्यावर ‘टॉस्पो गट, जीबीएनव्ही’ आणि सोबत ‘सीएमव्ही’ असं स्पष्ट लिहा.

नमुना मेलेल्या झाडाचा नको. नुकतीच लक्षणं दिसू लागलेल्या आठ-दहा झाडांची कोवळी पानं, आणि एका निरोगी झाडाची वेगळी. धुऊ नका. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, पिशवी बर्फाच्या डब्यात. टॉस्पो फार नाजूक, रगडलेल्या रसात साध्या उष्णतेला काही तासांत निकामी होतो. शनिवारी बसने पाठवलेला डबा सोमवारी उघडला जातो तेव्हा आत भाजी झालेली असते, सोमवारी सकाळी पाठवा. नावाच्या चिठ्ठीवर वाण, लागवडीची तारीख, शेजारचं पीक आणि शेवटची फवारणी लिहा.

आणि अहवाल यायच्या आधी एक जुनी चाचणी घरी करता येईल. चवळीचं बी आजच दोन कुंड्यांत पेरा, ‘पुसा कोमल’ मिळाली तर उत्तम. आठ-दहा दिवसांनी पहिली दोन साधी पानं पूर्ण उमलतील, तीन पानांची जुडी यायच्या आत. जवळच्या कॉलेजातून सात पीएचचं फॉस्फेट बफर, चिमूटभर सोडियम सल्फाइट आणि थोडी कार्बोरंडम भुकटी (पान किंचित खरवडणारी) मागून आणा. बफर बर्फात ठेवून त्यात वलयवाल्या झाडाचं कोवळं पान रगडा, चवळीच्या पानावर भुकटी भुरभुरवून तो रस बोटाने हलकेच चोळा, लगेच पाण्याने पान धुवा. दुसऱ्या कुंडीला निरोगी पानाचा रस. मग चार-पाच दिवस वाट बघा. पिवळसर गोल चट्टा, त्यात एकात एक कडी, आणि मग तो तपकिरी झाला तर शेंडेमर. टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके आले तर सीएमव्हीचा संशय. बोकडलेल्या झाडाचा रस यात घालू नका, बेगोमो बहुधा असा चोळून लागत नाही आणि कुंडी उगाच कोरी राहील. दोन्ही कुंड्यांचे फोटो पाठवा, पानाची मागची बाजूही.